एकशे अठरावं उतरणं

लोकांना वाटतं विमान आकाशात उडतं. उडत असेल बापडं. मी बावीस वर्षं त्याला यादीतच उडताना पाहिलंय. तारीख, वेळ, आलं की नाही आलं. आलं तर बरोबरची खूण, नाही आलं तर फुली. आमच्या छोट्याशा विमान कंपनीत माझं काम एवढंच आहे: मोठ्या विमानतळावर सकाळी सहा पन्नासला उतरायची जी वेळ आम्हाला मिळालेली आहे, ती हातची जाऊ द्यायची नाही.

लग्नाला तीस वर्षं झाली तरी माझ्या नवऱ्याला हे काम धड सांगता येत नाही. घरी कुणी आलं की तो म्हणतो, "ही विमानांना जागा देते." अहो, मी देत नाही, मी मागते. आणि मिळालेली राखत बसते. विमानतळाला धावपट्ट्या दोन, आणि सकाळी सहा ते नऊ तिथे उतरायचं असतं सगळ्या जगाला. म्हणून एक वाटप कार्यालय आहे. तिथल्या मुख्य बाईंना आम्ही सगळे तराजूबाई म्हणतो, कारण त्या कुणाच्याही बाजूला झुकत नाहीत. नव्या वर्षाला भेट दिलेलं पेनसुद्धा परत पाठवतात, तेही पोच घेऊन. त्यांचा नियम सोपा आहे. एखादी वेळ या हंगामात ज्याच्याकडे आहे, ती पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्याचीच राहणार. मात्र शंभरातले ऐंशी दिवस तिथे त्याचं विमान उतरलं पाहिजे. एक दिवस जरी कमी पडला तरी वेळ गेली. ती रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळते.

रांगेतला पुढचा माणूस म्हणजे माझाच चेला. सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसला, सगळं शिकला आणि दुप्पट पगारावर मोठ्या कंपनीत गेला. मी त्याला तोंडावर गिधाड म्हणते. तो मला मास्तरीणबाई म्हणतो. त्याच्याकडे सकाळच्या सोळा वेळा आहेत, पण जीव अडकलाय माझ्या सहा पन्नासमध्ये, कारण तेवढी मिळाली की त्याचं परदेशातलं एक मोठं विमान तिथे बसतं. रोज सकाळी सातला त्याचा फोन. "मास्तरीणबाई, उतरलं का हो?" मी म्हणायचे, "उतरलं रे बाबा, जा, दुसरीकडे घिरट्या घाल." चार वर्षं हे चाललंय. आता त्यात गंमत किती आणि भूक किती हे त्यालाही सांगता येणार नाही.

आमच्याकडे विमानं चार. त्यातलं एक रोज रात्री आमच्या गावाकडच्या विमानतळावर मुक्कामाला असतं आणि पहाटे तिथून निघून सहा पन्नासला इथे येतं. कोर्टाची तारीख असलेले, मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असलेले, सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतणारे लोक त्यात असतात. ती वेळ गेली तर तराजूबाई आम्हाला अकरा वीस देणार. अकरा वीसला उतरून कुणाचं काय काम होणार? ती फेरी बंद पडेल, आणि फेरी बंद म्हणजे गावाकडचा तळ बंद. तिथे एक्केचाळीस माणसं कामाला आहेत. त्यातला एक माझा धाकटा भाऊ.

त्याला घरात छोट्या म्हणतात. वय एकोणपन्नास, उंची सहा फूट, विमानाच्या पोटाखाली शिरताना कंबर धरतो, पण नाव छोट्याच. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी एकोणीसची. त्याचं शाळेचं दप्तर, त्याचा ताप, त्याची पहिली नोकरी, सगळं मीच पाहिलं. याच कंपनीत त्याला मीच चिकटवला. आता तो त्या तळावरचा मुख्य मेकॅनिक आहे. पहाटे विमान तपासून वहीत सही करायचा अधिकार तिथे त्याला एकट्याला आहे. ती सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. एकोणीस वर्षांत त्याने डोळे मिटून कधी सही केली नाही, आणि एकोणीस वर्षांत मी त्या सहीबद्दल त्याला कधी चकार शब्द बोलले नाही. आमच्यात हे कधी ठरलं नव्हतं. पण ते तसं होतं.

यंदाच्या हिवाळी हंगामाने नुसता जीव काढला. एकशे सत्तेचाळीस दिवसांचा हंगाम. ऐंशी टक्क्यांचा हिशोब केला की एकशे अठरा वेळा उतरलंच पाहिजे. सुरुवातीलाच एक विमान दुरुस्तीला गेलं ते पाच आठवडे आलं नाही. मग वैमानिक आजारी. मग प्रवासी कमी. प्रवासी नसले तरी उतरावं तर लागतंच, म्हणून अकरा वेळा आम्ही रिकामं विमान आणलं. सत्तर खुर्च्या, पुढे दोन वैमानिक, मागे कुणी नाही. तराजूबाई चाकं मोजतात, माणसं नाही. पहिल्यांदा असं विमान उतरवलं तेव्हा मला लाज वाटली होती. नंतर नंतर मी फक्त खूण करायला लागले.

आणि मग हंगामाचा शेवटून दुसरा दिवस आला, शुक्रवार. दुपारी तराजूबाईंकडून आकडा आला: एकशे सतरा.

माझ्या यादीत एकशे अठरा होते. मी एकदा जुळवलं, चहा आणला, पुन्हा जुळवलं. तिसऱ्यांदा सापडलं. दोन महिन्यांपूर्वी धुक्याचा एक आठवडा गेला होता. त्यातल्या एका सकाळी आमचं विमान निघालं, इथे उतरता आलं नाही म्हणून नव्वद किलोमीटरवरच्या दुसऱ्या विमानतळावर उतरलं, आणि प्रवाशांना बसने इथे आणलं. आमच्या उड्डाण विभागाच्या तक्त्यात त्या दिवशी "फेरी पूर्ण" लिहिलंय. बरोबरच आहे. विमान उडालं, उतरलं, माणसं पोचली. मी तो तक्ता बघून माझ्या यादीत खूण करून टाकली. बाहेरच्या माणसाला यात चूक दिसणारही नाही. पण माझ्या कामात ते विमान उतरलंच नव्हतं, कारण ते इथे उतरलं नव्हतं.

त्याहून वाईट पुढे आहे. धुक्यामुळे चुकलेला दिवस माफ होतो. दहा दिवसांत एक पानाचा अर्ज करायचा, की तो दिवस उतरल्यासारखा धरतात. त्याच आठवड्यातल्या दोन रद्द फेऱ्यांचे अर्ज मी भरले होते. तिसरा भरला नाही, कारण माझ्या मते ते विमान उतरलं होतं. तो एक कागद भरला असता तर शुक्रवारीच एकशे अठरा झाले असते आणि मी शनिवारी झोपून राहिले असते. बावीस वर्षांत नवख्यांना मी ओरडून ओरडून हेच शिकवत आले की उड्डाण विभागाच्या तक्त्यावरून खूण करू नका, धावपट्टीची नोंद बघा. आणि ते मीच केलं. थकले होते म्हणून केलं. दुसरं काही कारण नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये गेले. आमचे साहेब माणूस वाईट नाहीत, फक्त वाईट बातमी ऐकली की खुर्ची गोल फिरवतात.

"साहेब, एकशे सतरा झालेत. उद्या शेवटचा दिवस. उद्या उतरलंच पाहिजे."

"म्हणजे काठावर पास," साहेब म्हणाले. खुर्ची अर्धी फिरली. "तुम्ही तर एक दिवस हातात आहे म्हणाला होतात ना?"

"होता."

"तराजूबाईंनी कापला असणार. काय हो, त्यांचं कधी आपल्यावर प्रेमच नाही."

मी "हं" म्हटलं. तिथेच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण साहेबांचा फोन वाजला, आणि खरं सांगायचं तर तो वाजला म्हणून मला बरं वाटलं.

शनिवारी पहाटे पावणेपाचला मी ऑफिसात होते. आमचं ऑफिस मालवाहतुकीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून धावपट्टीचा एक तुकडा दिसतो, बाकी सगळं दुसऱ्यांच्या गोदामाचं छप्पर. पाच दहाला फोन आला.

"ताई," छोट्या म्हणाला, "विमान नाही निघणार."

"का?"

"उजव्या चाकाच्या ब्रेकमधून तेल गळतंय. मिनिटाला सात थेंब."

"चालतात किती?"

"पुस्तकात पाच आहेत. पाचपर्यंत सही करता येते, दिवसाच्या शेवटी दुरुस्त करायचं. वर गेलं की उभं. रबरी सील बदलावं लागेल, आणि ते तुमच्याकडच्या स्टोअरमध्ये आहे. गाडीने इथे यायला पाच तास."

"आत्ता गाडी पाठवली तर?"

"तर सव्वादहाला मिळेल. मग तास-दीड तासाचं काम." तो थांबला. "ताई, किती वाजेपर्यंत उतरलं तर चालतं?"

"सात वीस. अर्ध्या तासाची सूट आहे."

"मग सव्वासहा ते साडेसहाच्या आत निघायला हवं," तो म्हणाला. "नाही होणार."

त्याला आकडा माहीत होता. तळावरच्या सगळ्यांनाच माहीत होता. आदल्या संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना निरोप पाठवला होता: उद्याचं एक उतरणं, आणि आपण वाचलो. खाली तीन उद्गारचिन्हं.

मी साहेबांना उठवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घरी त्यांच्याकडे फिरणारी खुर्ची नसावी, कारण बराच वेळ नुसता श्वासाचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "प्रवासी किती आहेत?"

"तेवीस."

"त्यांना उतरवा. दुपारच्या विमानात जागा द्या, नाश्ता द्या, माफी मागा. विमान रिकामं आणू. कॅप्टनशी मी बोलतो."

पाच मिनिटांनी त्यांचा परत फोन. "कॅप्टन म्हणतात, मेकॅनिकने लिहून दिलं तर मी उडवतो. लांब धावपट्टी आहे, ब्रेक जपून मारीन म्हणाले. आता घोडं तुमच्या भावाच्या सहीवर अडलंय."

"साहेब, सात थेंब आहेत."

"मी त्यांना काही सांगणार नाही, ताई. मी सांगितलं तर तो दबाव होतो. उद्या चौकशी झाली तर मी कुठे तोंड दाखवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही बहीण आहात. बहिणीने भावाला फोन केला तर त्याची कुठे नोंद होत नाही."

मी फोन ठेवला. त्या वेळी मला साहेबांचा राग आला नाही. राग यायला जोर लागतो. मी खिडकीपाशी उभी राहिले. समोर मोठ्या कंपनीचं एक विमान उतरत होतं, गिधाडाच्या सोळांपैकी पहिलं, अगदी मिनिटाला मिनिट. मला तो कागद आठवत होता. एक पान. वरती तारीख, खाली "कारण: धुकं", आणि माझी सही. दोन मिनिटांचं काम.

पाच पस्तीसला मी छोट्याला फोन लावला. मागे वारा ऐकू येत होता. तो विमानाखालीच असणार.

"पुन्हा मोज," मी म्हणाले.

"काय?"

"थेंब. पुन्हा मोज."

"तीनदा मोजलेत, ताई. घड्याळ लावून मोजलेत."

"रात्रभर थंडीत उभं होतं ते. गार असताना जास्त गळत असेल. थोडं तापवून मोज."

"तू कधीपासून मेकॅनिक झालीस गं?"

तो हसून म्हणाला ते. आम्ही दोघं लहानपणापासून असंच बोलतो. मी हसले नाही, आणि ते त्याच्या लक्षात आलं.

"साहेब बसलेत का शेजारी?" त्याने विचारलं.

"नाही. मी एकटी आहे. प्रवासी उतरवणार आहोत. रिकामं येईल."

"दोन वैमानिक असतील ना त्यात? ती माणसं नाहीत का?"

"कॅप्टन तयार आहेत."

"कॅप्टन मी लिहून दिलं म्हणून तयार होणार. मी कुणाच्या जिवावर लिहून देऊ?"

मग मी ते केलं जे कधीच केलं नव्हतं. मी म्हणाले, "छोट्या, एक्केचाळीस घरं आहेत. तुझ्या हाताखालचा तो जाडा, त्याची बायको आत्ताच बाळंत झालीय, तूच सांगितलंस. तू पन्नाशीला आलास, तुझी लेक अजून कॉलेजात आहे. तुला दुसरीकडे कोण घेणार आहे? आणि हे सगळं कशासाठी, तर दोन थेंबांसाठी. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलंय?"

"नाही."

"मग माझ्यासाठी मोज. एकदा."

मला त्याच वेळी सांगता आलं असतं. छोट्या, ही वेळ माझ्या चुकीने आलीय, तुझा काही संबंध नाही, विमान उभं कर. एवढी तीन वाक्यं. ती माझ्या ओठांवर होती हे मी शपथेवर सांगते. पण ती बोलले असते तर एक्केचाळीस माणसांची नोकरी माझ्या एका कागदाने गेली हे मला आयुष्यभर ऐकावं लागलं असतं, आणि पहिल्यांदा त्याच्याकडून. ते नको होतं. मी गप्प राहिले आणि त्याला विचार करू दिला.

"बरं," तो म्हणाला. "मोजतो."

अकरा मिनिटं गेली. मी टेबलावरची पेनं सरळ लावली, पुन्हा वाकडी केली. पाच पन्नासला फोन वाजला.

"पाच," छोट्या म्हणाला.

खरंच पाच का, असं मी विचारलं नाही.

"सही केलीय. प्रवाशांना उतरवलंय. आणि ऐक, मी पण येतोय त्यात."

"तू कशाला?"

"मी लिहून दिलंय ना," एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला.

पुढचा एक तास कसा गेला ते विचारू नका. सहा सहाला विमान उडालं. मी कधी देवाला त्रास देत नाही, पण त्या दिवशी दिला. खुर्चीवर बसवेना म्हणून जिना उतरून खाली गेले आणि विमानं उभी करतात त्या बाजूच्या कुंपणापाशी जाऊन थांबले. गळ्यातलं ओळखपत्र बघून तिथल्या पहारेकऱ्याने आत जाऊ दिलं. "बाई, थंडी आहे, शाल घ्या," म्हणाला. मी शाल आणली नव्हती. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, अकरा वर्षांचा छोट्या, आईला नेल्यावर माझ्या पदराचं टोक मुठीत धरून उभा. त्याला मी विमानात बसवलं होतं.

सहा छपन्नला ते उतरलं. लांबूनच कळलं, ते जरा उजवीकडे ओढलं गेलं, मग सरळ झालं. धावपट्टीच्या पार टोकापर्यंत गेलं आणि हळूहळू वळून आलं. एकशे अठरा.

इथला मेकॅनिक लगेच चाकाखाली वाकला. जरा वेळाने उठून हात पुसत कॅप्टनना म्हणाला, "नऊ पडतायत हो." कॅप्टन टोपी काखेत मारून गाडीत बसले. कुणाच्याही अंगावर येईल असं काही घडलं नव्हतं. सगळे चालत घरी जाणार होते. छोट्या शिडीवरून सगळ्यात शेवटी उतरला. मला बघून मान हलवली आणि म्हणाला, "हात धुऊन येतो."

तेवढ्यात फोन वाजला. सात दहा.

"मास्तरीणबाई, जिंकलात!" गिधाड म्हणाला. "एकशे अठरा. माझ्या साहेबांनी तर नव्या विमानाचं वेळापत्रक छापायला टाकलं होतं. आता माझी काही धडगत नाही."

"मरू दे तुझं वेळापत्रक."

"एक विचारू का? त्या धुक्यातल्या दिवसाचा अर्ज तुम्ही का नाही केलात? दुसरीकडे उतरलं होतं ना तुमचं? मी दहा दिवस वाटप कार्यालयाच्या यादीत रोज बघत होतो, आज भरतील, उद्या भरतील."

मी कुंपणाचा खांब धरला. "तुला माहीत होतं?"

"म्हणजे काय!"

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत की," तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या आवाजात खोट नव्हती. "समोरच्याचा कागद राहिला तर आपण हाताची घडी घालून बसायचं. पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतंत."

शिकवलं होतं. मी फोन बंद केला.

कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये छोट्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसला होता. दोन चहा आणून ठेवले होते. हात इतके घासले होते की बोटं लाल झाली होती.

"झालं तुझं काम?" त्याने विचारलं.

"झालं. वेळ राहिली आपल्याकडे. तळ वाचला." मग मला राहवेना. "खरे किती होते रे?"

"सात. चौथ्यांदाही सातच होते." त्याने चहाचा घोट घेतला. "मघाशी साहेबांना फोन केला. नोकरी सोडली मी. आजपासूनच."

"अरे, वेडा झालास का? कुणासाठी केलं हे सगळं?"

"मी आता सही नाही करू शकत, ताई. उद्या दुसरं कुणी सांगेल, पुन्हा मोज. आणि मी मोजेन. आज मला कळलंय की मी मोजतो." तो हे चिडून बोलत नव्हता. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. "वर असताना मागच्या रांगेत बसलो होतो. इतक्या वर्षांत त्या विमानाची कधी भीती वाटली नव्हती. आज वाटली."

मग मी सांगितलं. धुक्याचा दिवस, उड्डाण विभागाचा तक्ता, खूण, न भरलेला कागद, साहेबांसमोरचं माझं "हं". काही वगळलं नाही. तो कपाकडे बघत ऐकत राहिला.

"म्हणजे हे तुला काल दुपारपासून माहीत होतं."

"हो."

"पहाटे फोनवर होतीस तेव्हाही."

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"सात लिहिले असते," छोट्या म्हणाला. "वर तुला चार शिव्या घातल्या असत्या. तू रडली असतीस. मग आपण दोघं नोकरी शोधत फिरलो असतो, आणि रविवारी तू माझ्याकडे जेवायला आली असतीस." त्याने डोळे चोळले. "मला वाटलं, यात कुणाचीच चूक नाहीये. नुसता एक दिवस कमी पडलाय. म्हणून म्हटलं, मी घेतो अंगावर. ताई पहिल्यांदा काही मागतेय."

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या फोनवर एकामागून एक निरोप येऊन पडत होते. तळावरच्या लोकांचे, जाड्याचा सुद्धा, आभार, नमस्कार, हसरे चेहरे. साहेबांचा एक: "तराजूबाईंचं पत्र आलं. वेळ कायम. शाब्बास ताई!" त्याखाली लगेच दुसरा: "तुमच्या भावाचं काय ते बघा." उद्यापासून उन्हाळी हंगाम सुरू होणार होता. नवे दिवस, नवी यादी, आणि पहिलीच फेरी पहाटे सहाच्या आत गावाकडून निघायची होती.

"उद्याच्या विमानाला सही कोण करणार?" मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. शब्द बाहेर पडल्यावर मला ते ऐकू आले. छोट्याने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी त्याला खोटं बोलताना पकडलं की मी ज्या नजरेने बघायचे, तसं. मग त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला, जाकीट उचललं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी जा ताई, झोप जरा," तो म्हणाला. संध्याकाळच्या विमानात त्याला फुकट जागा मिळाली असती. तो बसने जायला निघाला. सात तासांचा रस्ता आहे.

तो दारातून बाहेर पडेपर्यंत मी बघत राहिले. हाक मारली नाही. मग कप उचलून खिडकीत ठेवले, तीन मजले चढून वर गेले, आणि उद्यासाठी मेकॅनिक शोधायला फोन लावायला लागले.